आठ जागांचा कंट्रोलर: एका दूध प्रकल्पातल्या हरवलेल्या नोंदींचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध प्रक्रिया प्रकल्पातली ही हकीकत आहे. प्रकल्पाचं, कंट्रोलर बनवणाऱ्यांचं आणि पुरवठादारांचं नाव घेतलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी ऑटोमेशनची कामं घेतो आणि या प्रकल्पात मला बोलावलं गेलं ते दुखणं सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात.

प्रकल्पाचा जीव पाश्चरायझरमध्ये. दूध 72 अंश सेल्सिअसला किमान 15 सेकंद धरायचं आणि तापमान कमी पडलं तर फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्हने ते पुन्हा बॅलन्स टँककडे वळवायचं, हे काम एक छोटा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर, करत होता. पीएलसीला इथरनेटचा एकच सॉकेट. तिथून केबल पॅनेलमधल्या स्विचला आणि स्विचमधून बाकी सगळ्यांना. संवाद मॉडबस टीसीपी या औद्योगिक संवाद-पद्धतीवर, म्हणजे पीएलसी 502 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसलेला आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारणारे.

सुरुवातीला विचारणारे मोजकेच होते: पॅनेलवरचा एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), कंट्रोल रूममधला मुख्य स्काडा (सगळी यंत्रणा बघण्या-चालवण्याचा संगणक) आणि त्याचा राखीव जोडीदार. पुढे गुणवत्ता विभागाने प्रयोगशाळेत एक नोंदणी संगणक लावला. होमोजिनायझर (दुधातली स्निग्धता एकजीव करणारं यंत्र) नवा आला, त्याचा स्वतःचा पीएलसी होता आणि तोही इथूनच काही आकडे घ्यायला लागला. शेवटी व्यवस्थापनाला मोबाइलवर उत्पादन आणि वीज वापर बघायचा होता, म्हणून क्लाउडला माहिती पाठवणारा एक गेटवे आला. तो यार्डाच्या पलीकडे, वीज मीटरच्या खोलीत बसवला. मधलं अंतर सुमारे 140 मीटर. तांब्याची इथरनेट केबल 100 मीटरपर्यंतच चालते, म्हणून दोन छोट्या अँटेना समोरासमोर लावून वायरलेस दुवा केला.

प्रत्येक वाढीच्या वेळी एकच प्रश्न विचारला गेला होता: "स्विचमध्ये पोर्ट रिकामा आहे का?" तो नेहमीच असायचा.

अडचण

गेटवे बसला आणि दोनेक आठवड्यांनी सकाळच्या अहवालात भोकं दिसू लागली. पाश्चरायझरच्या तापमानाची दर 15 मिनिटांची नोंद पहाटे चार-साडेचारपर्यंत नीट आणि त्यापुढे कोरी. गंमत म्हणजे स्काडाच्या स्क्रीनवर तापमान, पंप, व्हॉल्व्ह सगळं जिवंत दिसायचं. एचएमआय व्यवस्थित. पाश्चरायझर चालू. फक्त अहवाल रिकामा.

दुधाच्या सुरक्षिततेला धोका नव्हता, हे इथेच सांगतो. डायव्हर्जनचा निर्णय पीएलसी स्वतः घेत होता, त्याला नेटवर्कची गरज नाही, आणि तापमानाचा स्वतंत्र रेकॉर्डरही चालू होता. पण गुणवत्ता विभागाच्या मॅडमना रोज सकाळी रेकॉर्डरवरून हाताने आकडे उतरवावे लागत होते. "लेखापरीक्षणाला हस्ताक्षरातली नोंद दाखवायची आणि शेजारी संगणकाची कोरी पानं, हे मी किती दिवस समजावू?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांनी एक उपाय शोधला होता. पीएलसीची वीज बंद करून चालू केली की नोंदी परत सुरू. "बंद-चालू केलं की येतंय बघा साहेब, दोन दिवस काही होत नाही." त्यांचं निरीक्षण अचूक होतं आणि पुढे तेच सर्वात उपयोगी पडलं. पण एका बंद-चालूची किंमत मोठी होती. पाश्चरायझर थांबणार, दूध माघारी जाणार, यंत्रणा पुन्हा गरम करून ओळीवर आणायला पाऊण-एक तास जाणार. पुष्टकाळ होता, संकलन भरात होतं, शीतकरण केंद्रांचे टँकर रांगेत होते. त्या दिवसांत एक तास परवडत नाही.

आधी झालेले प्रयत्न

मी पोचण्याआधी तीन गोष्टी करून झाल्या होत्या. तिन्ही चुकल्या, आणि पहिली चुकली ती "पोर्ट" या शब्दामुळे, असं मला वाटतं.

स्काडाच्या पुरवठादाराने फोनवर सांगितलं, "पोर्ट फुल झाले असतील." विद्युत विभागाने ते शब्दशः घेतलं आणि आठ पोर्टचा स्विच काढून सोळा पोर्टचा बसवला. फरक शून्य. इथे एकाच शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळले होते. केबल खोचायची जागा हा एक पोर्ट. 502 हा क्रमांक दुसरा पोर्ट, तो म्हणजे पीएलसीच्या आत कोणत्या खिडकीवर बोलायचं त्याचा नंबर. आणि त्या खिडकीवर एका वेळी किती जण उभे राहू शकतात, ती संख्या म्हणजे कनेक्शनची मर्यादा. ती पीएलसीच्या स्मृतीवर आणि फर्मवेअरवर (आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर) ठरते. बाहेर सोळा काय, अठ्ठेचाळीस सॉकेटचा स्विच लावला तरी आतली संख्या हलत नाही. काही पीएलसींवर इथरनेटचे दोन सॉकेट असतात, पण बहुतेक वेळा तो आतला छोटा स्विचच असतो. आयपी पत्ता एक आणि मर्यादाही एकच.

दुसरा प्रयत्न पिंगचा, म्हणजे यंत्र आपल्या पत्त्यावर उत्तर देतंय का हे बघण्याचा. नोंद बंद असताना पीएलसीला पिंग केलं, उत्तर आलं, आणि "नेटवर्क ठीक आहे" असा शेरा वहीत पडला. पण पिंगला टीसीपीचं कनेक्शन लागतच नाही. सगळ्या जागा भरलेल्या असल्या तरी पीएलसी पिंगला आनंदाने उत्तर देतो. पिंगवरून केबल आणि पत्ता कळतो, जागा शिल्लक आहे का ते कळत नाही.

तिसरा, स्काडामधला पुन्हा जोडण्याचा कालावधी 10 सेकंदांवरून 2 सेकंदांवर आणला. दार बंद असताना जास्त वेळा ठोठावलं, इतकंच.

शोध

पहिलं काम कंट्रोलरची पुस्तिका उघडणं. तांत्रिक तक्त्यात एक ओळ होती: इथरनेटवर एकाच वेळी जास्तीत जास्त 8 कनेक्शन, सर्व प्रकार मिळून. प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉपही त्यातच धरलेला. सगळे उत्पादक असं एकत्र मोजत नाहीत. सीमेन्सच्या एस7-1200 मध्ये, उदाहरणार्थ, प्रोग्रॅमिंगसाठी 4, एचएमआयसाठी 12, एस7 संवादासाठी 8, खुल्या संवादासाठी 8, वेबसाठी 30 अशा जागा राखून ठेवलेल्या आहेत आणि वर 6 गरजेप्रमाणे वाटल्या जातात. तिथे एकूण 68 हा आकडा बघून निर्धास्त होता येत नाही. खुल्या संवादाच्या जागा संपल्या म्हणून वेबच्या रिकाम्या जागा काही कामाला येत नाहीत.

मग मोजणी. यंत्रं नाही, कनेक्शनं. एचएमआय 1. राखीव स्काडा 1. प्रयोगशाळेचा संगणक 1. होमोजिनायझर 1. मुख्य स्काडा मात्र 2, कारण त्याच्या ड्रायव्हरमध्ये दोन चॅनेल होते: स्क्रीनसाठी सतत चालणारा जलद चॅनेल आणि अहवालासाठी दर 15 मिनिटांनी उघडून, वाचून, बंद होणारा संथ चॅनेल. एकूण 6. गेटवे 1, म्हणजे 7. माझा किंवा कोणाचाही लॅपटॉप लागला की 8.

म्हणजे कागदावर सगळं बसत होतं. गेटवे बसवणाऱ्यांनी लॅपटॉप लावून तासभर बघितलं, सगळं चाललं, सही घेतली. त्यांची चाचणी खोटी नव्हती. फक्त ती भर दुपारी झाली होती.

पीएलसीच्या निदान पानावर चालू कनेक्शनांची यादी दिसते. दिवसभर ती सातच्या वर गेली नाही, माझ्या लॅपटॉपसह आठ. मी लॅपटॉप काढला आणि काकांना विचारलं, हे नेमकं पहाटेच का होतं? ते म्हणाले, "पहाटे काय, टँकर येतात." त्यांनी ते सहज सांगितलं आणि मला मात्र तिथेच दुवा लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मी डॉकजवळ दुधाचा रिकामा क्रेट उलटा टाकून बसलो. लॅपटॉप पुन्हा पीएलसीला जोडला होता, कारण यादी डोळ्यांनी बघायची होती. माझी एक जागा जाणार आणि बिघाड लवकर दिसणार हे धरून होतो. स्विचही बदलून माझ्याजवळचा मॅनेज्ड स्विच लावला होता, त्याच्या एका पोर्टवर पीएलसीची सगळी वाहतूक आरशासारखी उमटत होती आणि दुसऱ्या संगणकावर वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक टिपणारं सॉफ्टवेअर) चालू होतं. चारला दहा कमी असताना पहिला टँकर मागे घेत घेत आला आणि डॉकला लागला. टाकीची पाठ थेट दोन अँटेनांच्या मध्ये. वरच्या अँटेनाचे सिग्नलचे दिवे चारावरून एकावर आले आणि मग विझले. यादीत गेटवेची ओळ, पत्त्याचा शेवटचा आकडा 41, तशीच राहिली. टँकर रिकामा व्हायला पाऊण तास लागला. तो हलला, दिवे लागले, आणि यादीत 41 ची दुसरी ओळ आली. पहिली गेली नव्हती. पत्ता तोच, गेटवेच्या बाजूचा पोर्ट क्रमांक वेगळा. आठच्या आठ ओळी भरल्या.

यातली यंत्रणा एसटीत रुमाल टाकून जागा धरण्यासारखी आहे. दुवा तुटला तेव्हा गेटवेला उत्तर मिळेना, त्याने जुनं कनेक्शन सोडून दिलं. सोडताना "मी उतरलो" असा निरोप पाठवायचा असतो. तो पाठवला, काही वेळा पुन्हा पुन्हा पाठवला, पण मध्ये पोलादी टाकी. दोन-तीन मिनिटांनी गेटवेने तो नादही सोडला. प्रवासी उतरून गेला आणि सीटवर रुमाल राहिला. पीएलसी इथे फक्त उत्तर देणारा. कोणी विचारल्याशिवाय तो स्वतःहून काही पाठवत नाही, त्यामुळे पलीकडे कोणी नाही हे त्याला कधीच कळत नाही. त्यासाठी टीसीपीमध्ये कीपअलाइव्ह नावाची सोय असते: बराच वेळ शांतता असेल तर "आहात का?" असं विचारायचं. आमच्या कंट्रोलरमध्ये ती मूळ सेटिंगमध्ये बंद होती. विंडोज किंवा लिनक्समध्ये ती वापरली तरी मूळ मुदत दोन तासांची असते, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

बाकीचं वायरशार्कच्या नोंदीत उलगडलं. टँकर हलल्यावर गेटवे दुसऱ्यांदा जागा मागू लागला तेव्हा संथ चॅनेल उघडा होता. जागा नव्हती, पीएलसी प्रत्येक विनंतीला रीसेट, म्हणजे नकार, पाठवत होता. गेटवे दर 5 सेकंदांनी पुन्हा विचारायचा. इतक्यात स्काडाच्या संथ चॅनेलची पाळी संपली, त्याने शिस्तीने कनेक्शन बंद केलं आणि पुढच्याच काही सेकंदांत ती जागा गेटवेने उचलली. पंधरा मिनिटांनी संथ चॅनेल परत आला तो रीसेट खायलाच. जलद चॅनेल कधी उठलाच नाही, म्हणून स्क्रीन जिवंत राहिली. जो सभ्यपणे जागा सोडत होता त्याचीच जागा गेली. म्हणून अहवाल.

लॅपटॉप नसताना यासाठी दुव्यात आणखी एक खंड पडावा लागतो, इतकाच फरक. काकांचे "दोन दिवस काही होत नाही" हे त्यातून आलेलं.

पर्याय

व्यवस्थापक साहेब, मॅडम, विद्युत विभाग आणि मी असे बसलो. टेबलावर आलेले पर्याय एका तोलाचे नव्हते.

रोज रात्री सीआयपीच्या (यंत्रणा आतून धुण्याच्या) वेळेत पीएलसी बंद-चालू करणं सर्वात स्वस्त होतं आणि दोघांचं मत तिकडेच होतं. मी त्याला ठाम विरोध केला. चालू यंत्रणेच्या मेंदूला रोज झटका देणं ही देखभाल नव्हे. शिवाय टँकर वाढले की एकाचे दोन खंड होणार आणि भोकं परत येणार.

गेटवे काढून टाकणं हा तात्पुरता इलाज म्हणून योग्य होता, कायमचा नाही. व्यवस्थापनाची गरज खरी होती.

मोठा पीएलसी किंवा जादा इथरनेट मॉड्यूल घ्यायचं तर खर्च, प्रोग्रॅम नव्याने तपासणं आणि थांबा, हे सगळं पुष्टकाळात. आणि रुमाल जमत राहिले तर सोळा जागाही भरतात, उशिरा भरतात एवढंच.

ज्यावर खरी चर्चा झाली तो पर्याय असा: पीएलसीशी बोलणारे कमी करायचे आणि बाकीच्यांनी स्काडाकडून माहिती घ्यायची. स्काडात ओपीसी यूए सर्व्हर (इतर संगणकांना माहिती वाटणारी सोय) होताच, 4840 क्रमांकाच्या पोर्टवर. संगणकाला आठ-दहा जादा ग्राहकांचं ओझं नाही. मॅडमची शंका बरोबर होती: "म्हणजे स्काडा बंद पडला की प्रयोगशाळेचीही नोंद बंद?" हो. एक कमकुवत कडी आपण जाणूनबुजून तयार करत होतो. पण प्रयोगशाळेच्या नोंदीला स्वतंत्र रेकॉर्डरचा आधार होता आणि क्लाउडची माहिती तासभर थांबली तर दूध थांबत नाही. कोणाला थेट जागा द्यायची हे या कसोटीवर ठरवलं: ज्याच्या संवादावर यंत्र चालतं किंवा माणूस यंत्र चालवतो, तोच थेट. एचएमआय, स्काडा, होमोजिनायझर थेट. प्रयोगशाळा आणि गेटवे स्काडामार्फत.

काय केलं

त्याच सकाळी गेटवेची केबल काढली आणि पुढच्या सीआयपीत शेवटचं बंद-चालू केलं. मग लगेच बरं वाटलं म्हणून काम लांबणीवर पडू नये, यासाठी तारीख लिहून घेतली.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेचा संगणक आणि गेटवे ओपीसी यूएवर नेले. मुख्य स्काडाचे दोन चॅनेल एकत्र केले. हे आधीच व्हायला हवं होतं. मॉडबस टीसीपीत प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे एकाच कनेक्शनवरून जलद आणि संथ दोन्ही वाचनं जाऊ शकतात. एका विनंतीत 125 रजिस्टरं (आकडे ठेवायचे कप्पे) वाचता येतात. अहवालाला लागत होती 90, पण ती पीएलसीच्या स्मृतीत जिकडेतिकडे विखुरलेली होती. प्रोग्रॅममध्ये ती सलग एका पट्ट्यात आणली. जिथे तीसेक विनंत्या जात होत्या तिथे एक पुरली.

त्याच थांब्यात पीएलसीमध्ये कीपअलाइव्ह 30 सेकंदांवर सुरू केलं. याची चाचणी तोंडी मानली नाही. लॅपटॉप जोडून मधल्या स्विचवरची त्याची केबल उपटली आणि यादीकडे बघत बसलो. दीड मिनिटाच्या आत ओळ गेली. तेव्हाच पुढे सरकलो.

थेट कनेक्शनं राहिली चार: एचएमआय, मुख्य स्काडा, राखीव स्काडा, होमोजिनायझर. लॅपटॉप पाचवा. तीन रिकाम्या. ती यादी, पत्त्यांसह, छापून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवली. वायरलेस दुवा काढून यार्डातून फायबर ओढलं ते दीड महिन्याने, खोदकामाची परवानगी मिळाल्यावर.

निकाल

बदलानंतरच्या तीन महिन्यांत पंधरा मिनिटांची एकही नोंद चुकली नाही. त्यातले पहिले सहा आठवडे दुवा वायरलेसच होता आणि टँकर रोज आडवे येत होते. पीएलसीला संवादासाठी बंद-चालू करावं लागलेलं नाही. मॅडमनी हाताने उतरवण्याची वही पहिल्या महिन्यानंतर थांबवली, त्याआधी नाही.

एक गोष्ट मात्र बिघडली आणि ती माझ्या आराखड्यातून. एका रविवारी मुख्य स्काडा विंडोजच्या अद्ययावतीकरणासाठी बंद झाला, राखीव स्काडाने ताबा घेतला, ऑपरेटरला काही जाणवलं नाही, पण क्लाउडवरची माहिती सोमवार सकाळपर्यंत थांबली. गेटवेला मी फक्त मुख्य स्काडाचा पत्ता दिला होता. राखीवचा पत्ता दुसरा म्हणून घालायला पाच मिनिटं लागली.

आज पुन्हा करायचं झालं तर

ऑपरेटरला पहिल्या तासात विचारेन. मी एक अख्खा दिवस यादीकडे बघण्यात घालवला आणि उत्तर "टँकर येतात" या दोन शब्दांत होतं. बंद-चालू केल्यावर ठरावीक काळाने परत येणारा बिघाड म्हणजे आत काहीतरी साचतंय, ही खूण त्यांच्याच बोलण्यात होती.

गेटवेच्या खरेदी आदेशात दोन ओळी हव्या होत्या: हे यंत्र कंट्रोलरची किती कनेक्शनं घेतं, आणि दुवा तुटून परत आल्यावर किती घेतं. दुसऱ्या ओळीची चाचणी सोपी असते, केबल दहा मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. कीपअलाइव्हही हा पीएलसी पहिल्यांदा बसवला गेला त्याच दिवशी सुरू करता आलं असतं. तेव्हा त्यासाठी थांबा मागावा लागला नसता.

मॉडबसला पासवर्ड नसतो, हेही मी या कामात नीट हाताळलं नाही. त्या नेटवर्कवर लागलेलं कोणतंही यंत्र 502 वर जाऊन जागा अडवू शकतं, आणि लिहूही शकतं. पीएलसीमध्ये ठरलेल्या पत्त्यांनाच परवानगी देण्याची सोय होती. ती मी त्याच थांब्यात सुरू करायला हवी होती. आता पुढच्या वार्षिक थांब्याच्या कामांत लिहून ठेवली आहे.

राखीव स्काडाने कायम एक जागा धरून बसावं की ताबा घेतानाच मागावी, यावर आमचं एकमत झालं नाही. धरून बसला तर बदल क्षणात होतो. मागायला गेला आणि जागा नसली तर राखीव असण्याला अर्थ उरत नाही. मी पहिल्या बाजूचा आहे. विद्युत विभागाला मात्र एक जागा सांडपाणी प्रकल्पाच्या मीटरसाठी हवी आहे, आणि पॅनेलच्या दारावरच्या यादीत सहाव्या ओळीवर त्यांनी ते नाव पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.